वर्षभर ओळख, दिवाळीत अनोळखी

संपादक महोदय,

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत माझा रबराचे बुश आणि गॅस्केट बनवण्याचा छोटा कारखाना आहे. गिऱ्हाईक बहुतेक पुण्याजवळच्या चाकण-भोसरीचं. एखादा लॉट रिजेक्ट झाला की तिथल्या क्वालिटीवाल्यांसमोर स्वतः जाऊन उभं राहावं लागतं, फोनवर भागत नाही. त्यामुळे गेली चार वर्षं महिन्यातून दोनदा तरी माझा नागपूर–पुणे विमानप्रवास ठरलेला. तोही एकाच कंपनीचा, कारण त्यांच्याच वेळा मला जमतात. त्यांच्या लेखी मी 'लॉयल' सभासद आहे. ॲप उघडलं की वर माझं नाव आणि शेजारी चकचकीत बिल्ला दिसतो.

गेल्या दिवाळीत, 18 ऑक्टोबरला, ऐन धनत्रयोदशीला मला पुण्याहून घरी परतायचं होतं. चारशे बुशांचा हार्डनेस कमी भरला होता, सुट्टीआधी त्यांची लाइन थांबू नये म्हणून दोन दिवस तिथंच बसून एकेक नग तपासून दिला. गुरुवारी रात्री तिकीट काढायला घेतलं तेव्हा 11,240 रुपये दिसत होते. 'विमा नको', 'जेवण नको', 'सीट नको' करत पैसे भरायच्या पानावर पोचले, तर 'भाडे बदलले आहे' अशी पट्टी आली. 14,870! एरवी याच प्रवासाला मी साडेचार ते सहा हजार देते.

म्हटलं, सभासद म्हणून तिकिटांवर साठवलेले पॉइंट आज नाही तर कधी वापरायचे? तर ऑगस्टमध्ये जेवढ्या पॉइंटांत तिकीट निघत होतं, त्याच्या जवळजवळ तिप्पट मागत होते. धनत्रयोदशीला सोन्याचा भाव चढला तर मोड घालणाऱ्यालाही चार पैसे जास्त मिळतात. इथं मात्र भाव चढतो तो फक्त त्यांच्याकडच्या मालाचा.

नागपुरातल्या बर्डीवरच्या आमच्या तिकीट एजंटनं नंतर मला हा खेळ समजावला. विमानातल्या एकाच रांगेतल्या सीटही वेगवेगळ्या अक्षरांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. स्वस्त अक्षरातल्या सीट संपल्या की पुढचं, महाग अक्षर उघडतं. "ताई, सीट तीच, अक्षर बदललं," तो म्हणाला. मोबाइल बदलून किंवा इतिहास पुसून शोधलं तर स्वस्त मिळतं, या माझ्या समजुतीवर तो मनसोक्त हसला.

मागणी वाढली की दर वाढतो, हे मला नवीन नाही. अर्जंट ऑर्डरला मीही जास्त घेते. पण ते नव्या माणसाकडून. जो वर्षाचे बारा महिने माल उचलतो, त्याची घाईची ऑर्डर मी नेहमीच्याच दरानं काढते, वेळ पडली तर रात्रपाळी लावून. धंद्यात जुनं गिऱ्हाईक म्हणतात ते यालाच. विमान कंपन्यांचं उलटं आहे. माझी ओळख ते फेब्रुवारीच्या रिकाम्या मंगळवारी ठेवतात, जेव्हा तिची मला काही गरज नसते.

अमेरिकन एअरलाइन्सनं 1981 मध्ये मैल मोजून बक्षीस देणं सुरू केलं, तेव्हा निदान हिशोब प्रवासाचा होता. 2015-16 च्या सुमारास तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी मैल सोडून तिकिटावर खर्च केलेले पैसे मोजायला घेतले. आपल्याकडेही पॉइंट मिळतात ते रुपयांवर. म्हणजे महाग तिकीट घेऊन मी जास्त 'लॉयल' झाले म्हणायची.

कायदा काय म्हणतो? 1937 च्या विमान नियमांतला नियम 135 सांगतो की भाडं ठरवताना कंपनीनं खर्च, सेवेचं स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित भाडी लक्षात घ्यावीत. 'वाजवी' म्हणजे किती, हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, भाड्यांवर नजर ठेवणारा कक्ष 2010 पासून आहे, पण तो पाहतो ते कंपनीनं स्वतःच जाहीर केलेल्या किमान-कमाल पट्ट्यात भाडं बसतं की नाही एवढंच. पट्टा पुरेसा रुंद ठेवला की झालं. 2025 च्या डिसेंबरात शेकडो उड्डाणं रद्द होऊन देशभर गोंधळ उडाला, तेव्हा मात्र सरकारनं 6 तारखेला कमाल भाडी ठरवून दिली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 500 ते 1,000 पर्यंत 12,000. नागपूर–पुणे हवाई अंतर साधारण सहाशे किलोमीटर. म्हणजे देशभरच्या आणीबाणीतली मर्यादा 12,000, आणि मी सणाला, सगळं सुरळीत असताना, कर वजा करूनही त्याहून जास्त मोजले.

खासगी ट्रॅव्हल्सच्या बसला तरी आकडा आहे. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही, असा राज्य सरकारचा 2018 चा निर्णय आहे. दिवाळीत तो किती पाळला जातो ते आपण सगळे जाणतो. पण आरटीओकडे तक्रार घेऊन जाताना बोट ठेवायला काहीतरी असतं.

सगळ्यांचीच भाडी बांधून द्या, असं मी म्हणत नाही, तेवढा धंदा मला कळतो. माझं मागणं छोटं आहे. ज्यानं वर्षात एकाच मार्गावर वीसेक फेऱ्या केल्या, त्याला सणासुदीची दोन तिकिटं त्याच्याच वर्षभराच्या सरासरी भाड्याच्या दीडपटीत द्या. पॉइंट, बिल्ला, लाउंज यांतलं काहीही नाही दिलं तरी चालेल.

यंदाच्या दिवाळीत चाकणला काम निघालंच तर वंदे भारतनं परतायचं ठरवलंय. नागपूरच्या अजनी स्टेशनपर्यंत बारा तास लागतात, पण पुढच्या लॉटचे कागद वाचून होतील. कालच विमान कंपनीचा संदेश आला. 'प्रिय लॉयल सभासद, आपले 4,310 पॉइंट लवकरच बाद होत आहेत.'

— एक लघुउद्योजिका, नागपूर