पहिला तास बाळ आईच्या उराशी

महोदय,

प्रेमाच्या रसायनांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नव्या ओढीत डोपामिन हे मेंदूतलं रसायन उसळतं, हे खरं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रिय माणसाचा फोटो पाहताना त्यांच्या मेंदूतले डोपामिनचे भाग जागे झाले होते. पण ऑक्सिटोसिन हे संप्रेरक म्हणजेच प्रेम, हे लेखातलं म्हणणं पटत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ऑक्सिटोसिन ओळखणारी यंत्रणाच नसलेल्या ‘प्रेअरी व्होल’ या रानउंदरांनीही जोडीदाराशी घट्ट नातं जमवलं. त्यांतल्या माद्या कमी पडल्या त्या पिल्लांना दूध पाजण्यात.

आपल्या गोठ्यात हे कुणाला नवं नाही. वगारीने ढुशी दिली, कास कोमट पाण्याने धुतली की म्हैस पान्हा सोडते. नवखा माणूस किंवा कुत्रं दिसलं की चोरते, कारण घाबरल्यावर सुटणारं अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक ऑक्सिटोसिनची वाट अडवतं. बाळंतिणीचंही तसंच. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. भीती, वेदना आणि ‘हिला दूधच नाही’ हे खाटेजवळचं बोलणं पान्हा अडवतात. मग वरचं दूध सुरू होतं, बाळ कमी चोखतं आणि दूध खरंच आटतं.

प्रसूतीनंतर मिनिटभरात मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन देतात ते रक्तस्राव रोखायला. ते द्यायलाच हवं, तेही २ ते ८ अंशांत ठेवलेलं. आपल्याकडच्या मे महिन्यात बाहेर राहिलेल्या कुपीची ताकद उतरते. पण रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत फारच थोडं पोचतं. मायेच्या कामी येतं ते आईच्या स्वतःच्या मेंदूत सुटणारं. ते सुटतं बाळाच्या स्पर्शाने, वासाने, चोखण्याने.

म्हणून रडणारं, नीट श्वास घेणारं बाळ कोरडं पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवावं. तोंड एका बाजूला, नाक मोकळं, मान दुमडलेली नको. डोक्याला टोपी, दोघांवर मिळून कोरडं कापड; उन्हाळ्यात पातळ सुती. कुणीतरी सतत लक्ष ठेवावं. वजन तासाभराने करता येतं, आंघोळ २४ तासांनंतर. चीक फेकू नये, मध-घुटी चाटवू नये. सिझेरियन झालं असेल तर आई सावध होताच हेच करावं. तास हुकला म्हणून माया कमी पडत नाही, हे त्या बाईला स्पष्ट सांगावं.

अडीच किलोच्या आतलं बाळ दिवसाचे किमान ८ तास असं उराशी हवं. आई थकली तर बाप किंवा आजी चालते. मेळघाटातल्या थंडीत तर याला पर्याय नाही.

सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायची मुभा २०१६ पासून आहे. तरी कित्येक ठिकाणी सासू-बहिणीला दाराबाहेर काढतात आणि बाळ वजनकाट्यावरून थेट वेगळ्या खाटेवर जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी प्रसूतीच्या खोलीत एक पडदा लावावा, एक ओळखीची बाई आत राहू द्यावी आणि वजनाची नोंद तासभर मागे ढकलावी, ही विनंती.

– एक आरोग्यसेविका, धारणी (जि. अमरावती)