वरचे मजले रिकामे का राहतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नांदेड शहराच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या व्यापारी संकुलांवरचा कालचा लेख वाचला. वजिराबाद, शिवाजीनगर भागातली जुनी बांधकामे पाडून मजले चढले की कार्यालयांची टंचाई संपेल, असे त्यात म्हटले आहे. हे साफ चुकीचे आहे. टंचाई जागेची नाहीच. तळमजल्याचे गाळे पाया भरतानाच विकले जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी उन्हात विटून जाते. दोष बाजाराचा नाही, नकाशाचा आहे.

नकाशा काढतात तो दुकानांसाठी. तळाला १० बाय ३० फुटांचा गाळा, कॉलम त्याच मापाने, म्हणून वरही तेच तुकडे आणि मधून पाच फुटांचा अंधारा बोळ. दुकानाला हे चालते, गिऱ्हाईक दर्शनी भागात उभे असते. कार्यालयात आठ माणसे आठ तास बसतात. तीस फूट खोल जागेला खिडकी एकाच टोकाला, तीही बोर्डाने झाकलेली. नांदेडच्या उन्हाळ्यात एसी लागतोच, पण त्याचे बाहेरचे युनिट ठेवायला कट्टा सोडलेला नसतो. ते बोळात बसते आणि गरम हवा शेजारच्या दारात फेकते.

सर्वांत मोठी चूक स्वच्छतागृहाची. मजल्यावर एकच, जिन्याशेजारी, बहुधा कुलूपबंद. महिला कर्मचारी असलेल्या कार्यालयाने अशी जागा घेऊच नये. घेतलीच तर भाडेकरू आत स्वतःचे बांधतो. तिथे पाइप बसवण्यासाठी स्लॅब खाली घेतलेला नसतो. मग ट्रॅपसाठी, म्हणजे पाणी धरून वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपसाठी, एक तर स्लॅब फोडतात, नाहीतर सहा-आठ इंच भराव घालून पायरी करतात. फोडला तर वॉटरप्रूफिंग जाते, भराव घातला तर पाइपला पुरेसा उतार मिळत नाही. पहिल्याच वर्षी खालच्या कापड दुकानाच्या छताला ओल येते आणि भांडण सुरू होते. प्रत्येक मजल्यावर दोन ठिकाणी फूटभर खाली घेतलेला स्लॅब, सगळे एकाखाली एक, आणि प्लंबरला आत शिरता येईल एवढी डक्ट, म्हणजे पाइपांची उभी पोकळी, एवढे केले तरी हे टळते. पण ते नकाशातच हवे, स्लॅब पडल्यावर होत नाही.

रिकाम्या मजल्यांवर शेवटी शिकवणीवर्ग येतात. जिना एकच, त्याच्या तोंडाशी सगळ्या गाळ्यांचे मीटर. मीटरपाशी आग लागली तर वरच्या मुलांनी उतरायचे कुठून? सुरतेत २४ मे २०१९ रोजी अशाच वरच्या मजल्यावरच्या शिकवणीत २२ जीव गेले. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. विद्यापीठ शहराबाहेर विष्णुपुरीला असले तरी शिकवणीची मुले शहरातच राहतात. दुसरा जिना आणि पार्किंगसाठीच राखलेले तळघर यांत तडजोड होता कामा नये. लेखात याबद्दल एक ओळ नाही, याचे फार वाईट वाटले.

भाड्याच्या आकड्यांबाबतही वाचकांची दिशाभूल होते. चौरस फुटाला महिना २० रुपयांप्रमाणे ४५० फुटांचे ९,००० सांगतात. टेप लावला की आत कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, भरते ३००. म्हणजे खरा दर ३० रुपये. मालक जीएसटी भरणारा असेल तर वर १८ टक्के, शिवाय वीज व्यापारी दराने. तीन वर्षांचा करार करणाऱ्या तरुण सीएला किंवा वकिलाला हे सही करण्याआधी कळायला हवे.

आणि हेच फुगवलेले फूट आपल्या मालमत्ता पुरवणीत छापले जातात. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याने विकासकाला कार्पेट क्षेत्र सांगणे बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. गेल्या पुरवणीतल्या कित्येक जाहिरातींत यातले काहीच नव्हते. नव्या प्रकल्पाची जाहिरात घेताना कार्पेटचा आकडा आणि महारेराचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. ते मिळत नसतील तर ती जाहिरात छापू नये, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नांदेड