प्राणवायूवाचून जगणारे प्राणी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

जिवाणू ऑक्सिजनवाचून जगतात हे ठीक, पण प्राणी जगतील का, असं तू विचारलंस. हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहितोय.

भूमध्य समुद्रात, क्रीट बेटाच्या पश्चिमेला, तीन किलोमीटरहून खोल तळावर लातालांत नावाचा एक खळगा आहे. सुमारे ५५ लाख वर्षांपूर्वी हा समुद्र बराचसा आटला आणि मिठाचे जाड थर साचले. तेच मीठ विरघळून खळग्यात इतकं जड पाणी साठलंय, की वरचं पाणी त्यात मिसळतच नाही. ऑक्सिजन खाली पोचणार कुठून? शिवाय तिथे हायड्रोजन सल्फाइड आहे, म्हणजे शुद्ध जहर.

२०१० साली इटलीचे सागरी जीवशास्त्रज्ञ रोबेर्तो दानोवारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गाळातून लॉरिसिफेरा या समुद्रतळाच्या सूक्ष्म प्राण्यांच्या गटातल्या तीन नव्या जाती जाहीर केल्या. आकार मिलिमीटरहूनही लहान. अंगावर चिलखत, त्यातून बाहेर निघणारं काटेरी डोकं. काहींच्या पोटात अंडी होती, गाळात टाकलेली कातही मिळाली. पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे घटक, दिसले नाहीत. त्यांच्या जागी हायड्रोजनोसोमसारखे घटक होते, जे ऑक्सिजनवाचून ऊर्जा तयार करतात. असे घटक तोवर एकपेशीय जीवांत आणि काही बुरशींत माहीत होते. प्राण्यात? मी ते वाचून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

पण २०१५ मध्ये जोन बर्नहार्ड या सागरी संशोधिकेच्या गटाने हरकत घेतली: हे वरून पडलेले मृतदेह असतील आणि त्यांच्या आत शिरलेले जिवाणूच जिवंतपणाची खूण दाखवत असतील. दानोवारोंनी पुढच्याच वर्षी उत्तर दिलं. मला मात्र हरकतीत दम वाटतो. अंडी पोटात असताना मेलेला प्राणीही तळाला जातो, आणि इतक्या खाऱ्या पाण्यात तो लवकर कुजत नाही. माझं समाधान व्हायचं तर तिथला एक तरी प्राणी हलताना दिसायला हवा.

पण म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं समजू नकोस बरं का! २०२० साली सॅमन माशाच्या स्नायूंत राहणाऱ्या हेन्नेगुया साल्मिनिकोला या परजीवीत मायटोकॉन्ड्रियाचा जीनोमच, म्हणजे त्याचा स्वतःचा जनुकसंचच, नसल्याचं आढळलं. तो जेलीफिशचा नातेवाईक, शरीर दहाहून कमी पेशींचं, आणि ऑक्सिजन वापरून श्वसन करण्याची सोयच त्याच्याकडे उरलेली नाही. म्हणजे प्राण्याला हे जमतं. प्रश्न उरतो तो समुद्रतळाचा, तिथे आयुष्यभर मोकळेपणी राहण्याचा.

कातीचं काय करायचं, ते तू सांग. मृतदेहाच्या बाजूने तिचा नीट खुलासा मला अजून सुचलेला नाही.

तुझा,
अनंत