शनिवारच्या भेटीला स्टिक्स आणि जुने फोटो आणा

मित्रमैत्रिणींनो, आपल्या ड्रम कोअरच्या (ढोल-ब्यूगल वाजवत कवायत करणाऱ्या पथकाच्या) जुन्या वादकांची भेट येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्या सरावाच्या हॉलमध्ये. प्रॅक्टिस पॅड आणि स्टिक्स आणाच. गप्पा रंगल्या की हात आपोआप चालू लागतात.

फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने नावं आणि साल लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला वळ उठतात. कलर गार्ड (झेंडे फिरवणारे) आणि मागचे बास ड्रमवाले फोटोत अर्धवटच दिसतात आणि त्यांचीच नावं आधी विसरली जातात. तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करा.

कुणाकडे ‘जी’ सुरातलं ब्यूगल असेल तर जरूर आणा. २००० सालापासून ड्रम कोअर इंटरनॅशनलने (अशा पथकांच्या स्पर्धा घेणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने) ‘जी’च नव्हे तर कोणत्याही सुरातली पितळी वाद्यं चालवून घेतली, त्यामुळे नव्या पोरांनी तो आवाज समोर उभं राहून क्वचितच ऐकलाय. १९७२ची अमेरिकेतल्या व्हाइटवॉटरची या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा पाहिलेले कोणी असतील तर त्यांच्या आठवणी आधी रेकॉर्ड करू. दौऱ्यांवर असताना शाळांच्या जिममध्ये फरशीवर काढलेल्या रात्रींचे किस्से तर हवेतच!

ज्यांना आता गाडी चालवणं जमत नाही, त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. आम्ही घ्यायला येऊ.