रविवारच्या दहा मिनिटांत मावलं नाही ते

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

मामा उद्या लातूरला येतोय. त्याच्याजवळ शेंगदाण्याचे लाडू आणि ही चिठ्ठी देतेय. रविवारी फोन मिळतो दहा मिनिटं. त्यातली निम्मी तू गप्प असतेस, निम्म्यात मी 'जेवलीस का' विचारते. म्हणून लिहायला बसले.

हॉस्टेलची नवी रूम तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणालीस. खाली मिळत नाही का? दिवसातून चारदा जिने चढायचे म्हणजे पाय दुखत असतील. मावशींना विचारून बघ.

दिवाळीत मी तसं बोलायला नको होतं. तू म्हणालीस, "आई, मला नाही होणार, मी बीएस्सीला जाते," आणि मी सोयाबीनचा हिशोब काढला. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन गेलं ते पावसानं नेलं, तुझ्या फीनं नाही. पप्पा त्या रात्री जेवले नाहीत. तुला सांगू नको म्हणाले होते.

डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत तुला ५९८ पडले, त्याला मी कधी कमी म्हटलं नाही. त्या साली, २०२४ला, ७२० पैकी ७२० वालेच आधी ६७ निघाले, मग निकाल बदलून १७ राहिले. तिथं आपल्याला कोण विचारतंय? २०२५ला तर फिजिक्सनं सगळ्यांनाच रडवलं, देशात पहिला आला त्यालाही ६८६च. पण मनू, चुकलं की एक मार्क जातो हे ठाऊक असून तू अंदाजानं गोल का रंगवतेस? येत नाही तो प्रश्न सोडून द्यायचा. बायोलॉजीचे ९० प्रश्न आधी उरकायचे, डोकं ताजं असतं तेव्हा. आणि रात्री दोनपर्यंत जागून

बघ, लागले शिकवायला. दहावी पास बाई तुला पेपर कसा सोडवायचा ते सांगतेय. माफ कर, लेकरा.

२०२० आठवतं का? 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे होता, मी गल्लोगल्ली फिरत होते, तू नववीत. माझं अक्षर सिस्टरला लागत नाही म्हणून रजिस्टर तू लिहायचीस. आजीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८६. मी म्हटलं, बिघडलं वाटतं. तू आधी स्वतःच्या बोटाला लावलास, मग माझ्या, मग परत आजीच्या, आणि म्हणालीस, "मशीन नीट आहे, आई. आजीला न्या." म्हातारी आज ओट्यावर बसून मशेरी लावतेय आणि मलाच शिव्या देतेय.

त्या दिवसापासून मी गावभर सांगत सुटले, आमची मनू डॉक्टर होणार. तू स्वतः कधी म्हणाली होतीस का गं? रात्री आठवून बघते. आठवत नाही.

पेपरात राजस्थानातल्या कोट्याच्या क्लासमधल्या पोरांची बातमी आली की पप्पा ते पान घडी घालून उशाखाली ठेवतात. मला वाटतं मी पाहिलं नाही असं त्यांना वाटतं. तुझ्या तिथल्या गच्चीच्या दाराला कुलूप असतं का? तू अभ्यासाला वर जातेस म्हणालीस, आता थंडी पडलीय, जाऊ नकोस. मामाला म्हटलंय बघून ये. चिडू नकोस त्याच्यावर, त्याला मीच सांगितलंय.

मे महिन्याचं मेमध्ये बघू. मधेच यावंसं वाटलं तर वॉर्डनच्या फोनवरून नुसता मिसकॉल दे, काही बोलायची गरज नाही. पप्पा पहिल्या एसटीनं निघतील. बीएस्सीचा फॉर्मसुद्धा आपण दोघी मिळून भरू. गावाला काय सांगायचं ते माझं मी बघेन, मीच सांगितलं होतं ना सगळ्यांना.

रविवारी फोनवर जेवणाचं विचारणार नाही. तूच काहीतरी सांग, कसलंही. नाहीतर गप्प बस, मी पण बसते.

लाडू रूममधल्या पोरींनाही दे. डबा मामाजवळ परत पाठव, आजीचा आहे, ती रोज विचारते.

तुझी,
आई