मॅडम, तुमचे 30 तास नेमके कोणाच्या पोरांसाठी?

मा. शिक्षणमंत्री मॅडम, इंग्लंड,

स.न.वि.वि. हेच पत्र आधी इंग्रजीत पाठवलं होतं, ऑटोमॅटिक रिप्लाय आला. म्हणून आता मराठीत लिहितेय. तुम्ही तसंही वाचणार नव्हतात, निदान आपल्या लोकांना तरी कळेल.

काल आमचा फॉर्म रिजेक्ट झाला. सप्टेंबर 2025 पासून 9 महिन्यांच्या बाळापासून पुढे आठवड्याला 30 तास नर्सरी फुकट, आईबाप दोघं कमावते पाहिजेत, अशी केवढी जाहिरात केलीत. आम्ही दोघंही कमावतो, टॅक्स भरतो, पण दोघांच्याही व्हिसावर 'पब्लिक फंड नाही', म्हणजे सरकारी मदत मागायची नाही, असं लिहिलंय, त्यामुळे फुकट तासांसाठी नर्सरीला द्यायचा कोड नाही. एकाकडे जरी सिटिझनशिप किंवा सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, असतं तरी चाललं असतं. ते आता कुठून आणू, पाउंड शॉपमधून? पोरगी तर इथेच जन्मली हो.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मी स्वतः नर्सरीतच काम करते. दोन वर्षांच्या वर्गात दिवसभर तुमच्या फंडेड पोरांची नाकं पुसते आणि माझी दीड वर्षाची पोरगी भिंतीपलीकडे बेबी रूममध्ये, दिवसाला 78 पौंड भरून. तीन दिवसांचे 234. माझा 24 तासांचा पगार, तासाला 12.21 पौंडाच्या 2025 च्या रेटने, 293. उरले 59, त्यात बस, त्यात टॅक्स. ती रडली की भिंतीतून आवाज येतो, मला ओळखू येतो, पण जाता येत नाही कारण माझ्या अंगावर दुसऱ्याचं पोर असतं. आई येऊन राहिली होती, व्हिजिटर व्हिसाचे सहा महिने संपले, गेली परत सांगलीला. रात्री फोनवर विचारते, जेवली का ग पोर, मी काय सांगू.

दोघं मिळून 1 लाख 98 हजार पौंड कमावणाऱ्यांना तुमचे तास मिळतात, प्रत्येकी लाखाच्या आत असले की झालं. आम्ही मात्र व्हिसा घेतानाच हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी दवाखान्यांसाठीची फी, भरलाय, माणशी वर्षाला 1,035 पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम. म्हणजे पैसे घेताना आम्ही पब्लिक आणि देताना पाहुणे! आमच्या गावच्या अंगणवाडीताईंनी कधी कोणाच्या आईबापाचा व्हिसा विचारला नाही. त्यांना मानधन वेळेवर मिळत नाही हा वेगळा विषय, सरकारं सगळीकडची सारखीच.

तीन वर्षांची झाली की 15 तास सगळ्यांनाच मिळतात, माहितीय. तोवर काय करू? आणि सेटल्ड व्हायचं तर पाच वर्षांची दहा करायचं घाटतंय तुमच्याकडे, तोवर पोरगी नर्सरी सोडून तिसरी-चौथीत गेलेली असेल.

सोमवारी माझ्या वर्गात दोन नवीन मुलं येतायत, दोघांचेही कोड आलेत. डायपर मीच बदलणार आहे.

आपली,
भिंतीअलीकडची एक आई, स्लाउ