बाबा, त्या नोकरीला मी नाही म्हटलंय

ती. बाबा आणि सौ. आईस,

शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे धड बोलता येत नाही. मधेच आवाज तुटतो, मागून आईचं 'जेवली का विचारा तिला' चालू असतं, आणि बाबा, तुम्ही 'काम ते काम, त्यात लहानमोठं काय' म्हणालात की मी 'हो, बघते' म्हणून सुटका करून घेते. म्हणून लिहितेय. लांबलं तर दोन बैठकांत वाचा.

आधी पैशांचं. मावशीने आईला विचारलं म्हणे, 'सरकारच्या जिवावर किती दिवस बसणार?' आई, तिला सांग, नोकरी गेल्यापासून मला मिळतो तो भत्ता म्हणजे विमा आहे. जर्मनीत पगाराचे २.६ टक्के दर महिन्याला बेकारी विम्यात जातात, निम्मे आपले, निम्मे कंपनीचे. माझे इतकी वर्षं न चुकता गेले. नोकरी गेली की आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के मिळतात, पदरी मूल असेल तर ६७. दोन वर्षं हप्ते भरलेले असले की माझ्या वयाच्या माणसाला हे १२ महिने चालू राहतं. गरजूंना करातून देतात ती मदत वेगळी. ती घ्यावी लागली असती तरी मी मान खाली घातली नसती, पण ही ती नव्हे. आमचा आजारपणाचा विमाही या काळात रोजगार कार्यालयच भरतं. आणि इथे राहण्याचा परवाना कायमचा आहे, तेव्हा बाबा, व्हिसाची चिंता सोडा.

आता ती नोकरी. रोजगार कार्यालयाने सुचवलेली, माणसं भाड्याने पुरवणाऱ्या एका कंपनीमार्फत, तीन पाळ्यांत. सुटे भाग पट्ट्यावरून येतात, ते डोळ्यांनी तपासायचे, खराब बाजूला काढायचे, चांगले खोक्यात भरायचे. जायला सत्तर मिनिटं, यायला सत्तर. पहाटेची पाळी सहाला लागते आणि छोटीचं पाळणाघर उघडतं सातला. तुमचे जावई त्या वेळी गाडीत असतात.

तुम्ही विचारलंत, वालचंद कॉलेजमधून इंजिनिअर झालेल्या मुलीला असलं काम सुचवतातच कसे? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण इथल्या सामाजिक कायद्याच्या तिसऱ्या खंडात कलम १४० आहे, ते मी आता पाठ म्हणून दाखवू शकेन. त्यात डिग्रीला संरक्षणच नाही. आपण ज्याचं शिक्षण घेतलं ते काम नाही, एवढ्या कारणावरून नोकरी नाकारता येत नाही. संरक्षण आहे ते पगाराला, आणि तेही दर तिमाहीला खाली उतरतं. पहिले तीन महिने जुन्या पगारापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घट असेल तर नाही म्हणता येतं. पुढचे तीन महिने ही मर्यादा ३०. सातव्या महिन्यापासून निव्वळ पगार भत्त्याइतका भरला की झालं, घ्यायची. प्रवासाचाही हिशेब ठरलेला: पूर्ण वेळच्या नोकरीला जाऊन-येऊन अडीच तास चालतात. म्हणजे माझी सत्तर अधिक सत्तर मिनिटं नियमात बसली.

पगार बसला नाही. तो माझ्या जुन्या पगारापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त कमी होता आणि माझा पाचवा महिना चालू आहे. मी कलमाचा आकडा घालून तसं लेखी कळवलं. एवढंच केलं बाबा, उर्मटपणा केला नाही.

उत्तर लेखी नाही आलं, फोन आला. माझी फाईल जिच्याकडे आहे ती बाई वाईट नाही, तिच्या टेबलावर माझ्यासारख्या कितीतरी फायली असणार. पण तिने शांतपणे सांगितलं की दोन महिन्यांनी हाच कागद परत येईल, तेव्हा तुमच्याकडे हे कारण उरणार नाही, मग आत्ताच का नाही घेत? सबळ कारण नसताना नकार दिला तर पहिल्या वेळी तीन आठवडे पैसे बंद, दुसऱ्या वेळी सहा, त्यानंतर बारा. अशा बंद्यांची बेरीज २१ आठवडे झाली की हक्कच संपतो. मुलाखतीला जाऊन मुद्दाम वाकडं बोललं तरी तो नकारच धरतात. हे सगळं प्रत्येक प्रस्तावाच्या पाठीमागे छापलेलं असतं. रोज पत्रपेटी उघडताना आधी लिफाफ्याच्या कोपऱ्यात कार्यालयाचं चिन्ह दिसतंय का ते बघते. छोटीच्या शाळाप्रवेशाचं पत्र आलं तरी पोटात गोळा.

आणि बाबा, हे लिहायला जड जातंय, पण तिच्या फोननंतर चार दिवसांनी रविवारी तुम्हीही अगदी तेच वाक्य म्हणालात. 'आत्ता घे, नंतर बघू.'

तुमचं 'नंतर' मी पाहिलंय. कारखाना बंद पडला, पगार थकले, फंडाचे पैसे अडकले, आणि तुम्ही पुढच्याच आठवड्यात मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे हिशेब लिहायला बसलात. घर त्यावर चाललं, माझी फी त्यावर भरली गेली, हे मी कधीच विसरणार नाही. पण तुम्ही लेखा विभागाचे प्रमुख होता. 'चांगलं मिळालं की सोडतो' असं तुम्ही आईला स्वयंपाकघरात सांगत होता ते मी ऐकलंय. चांगलं शोधायला वेळच उरला नाही. सकाळी आठ ते रात्री आठ पोती, पट्ट्या, हुंडेकरी. रविवारीसुद्धा मालक बोलवायचा. नंतर ज्यांनी मुलाखतीला बोलावलं त्यांनी विचारलं, 'सध्या अडतीवर आहात का?' त्या मुलाखतीहून आल्यावर तुम्ही शर्ट खुंटीला न लावता खुर्चीवर टाकला होता. तुम्ही कधीच काही टाकत नाही.

तुमच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. घरात बसून शोधायला कुणी सहा महिने पैसे देणार नव्हतं. आजही आपल्याकडे ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, असलेल्या कामगाराला नोकरी गेल्यावर अटल योजनेतून जास्तीत जास्त ९० दिवस, तेही सरासरी मजुरीच्या निम्मे मिळतात, आणि ज्याचा ईएसआयच नाही त्याला तेवढंही नाही. मला रस्ता आहे. त्याचे पैसे मी आधीच भरलेत. मग तो अर्ध्यात का सोडू? तीन पाळ्या आणि रोजचा तो प्रवास सुरू झाला की मीही अर्ज करायची थांबेन, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे.

आई, दिवाळीचं. 'आता घरीच आहेस तर दोन महिने ये की' असं तू म्हणतेस, तेव्हा मला रडू येतं म्हणून मी विषय बदलते. मी घरी असले तरी मोकळी नाही गं. वर्षात तीन आठवडे गावाबाहेर जाता येतं, तेही आधी परवानगी घेऊन. न विचारता गेले तर पैसे थांबतात आणि घेतलेले परत मागतात. दर कामाच्या दिवशी पत्र मिळालं पाहिजे, बोलावलं तर हजर झालं पाहिजे, असा हिशेब. मी दहा दिवसांसाठी विचारणार आहे. लक्ष्मीपूजन मिळेल बहुतेक, भाऊबीज नक्की सांगत नाही. चकलीची भाजणी दळून ठेव, बाकी आल्यावर दोघी करू.

रिकामी बसलेली नाही मी. इथल्या गाड्यांच्या धंद्याचं तुम्ही पेपरात वाचताच. एकट्या फोक्सवागनने २०३० पर्यंत ३५ हजारांवर माणसं कमी करायचं ठरवलंय. ब्रेकच्या चाचण्यांचं माझं काम पूर्वीसारखं परत मिळेल असं मी धरून चाललेले नाही. रेल्वेच्या डब्यांच्या ब्रेकमध्ये माणसं हवी आहेत, पण त्यांचे सुरक्षिततेचे नियम वेगळे. त्याचा एक अभ्यासक्रम आहे. कार्यालयाने मंजूर केलं तर फी तेच भरतात आणि तेवढा काळ भत्ताही चालू राहतो. मंजूर करणं त्यांच्या हातात, हक्क म्हणून मागता येत नाही. पुढच्या भेटीत त्याच बाईसमोर तो अर्ज ठेवणार आहे. तिने नाही म्हटलं आणि सातव्या महिन्यात तो पट्ट्याचा कागद परत आला, तर मी जाईन बाबा, खोकी भरीन. तेव्हा मात्र 'बघ, शेवटी घेतलीसच' असं म्हणू नका.

तोवर एक करा. रविवारच्या फोनवर नोकरीचं मी काढलं तर ऐका, तुम्ही विचारू नका. हवं तर ऊस किती गेला, पाऊस कसा आहे, समोरच्यांचं बांधकाम कुठवर आलं ते सांगा; मला ते खरंच ऐकायचं असतं. मावशीला आईने काय सांगायचं ते वर लिहिलंच आहे.

अभ्यासक्रमाच्या अर्जाला चारही वर्षांच्या गुणपत्रिका लागतील. त्या कपाटातल्या निळ्या फायलीत आहेत, फंडाच्या कागदांखाली. फोटो नका काढू, चौकात स्कॅन करून पाठवा. आणि आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते कुणीच सांगितलं नाही मला.

तुमची लेक